बाहेर जेवताना स्वतःचा चमचा: मुंबईत रोज वापरता येईल असा संच कसा निवडावा

डोंबिवली ते फोर्ट असा माझा रोजचा प्रवास सुरू होऊन सहा वर्षं झाली. एवढ्या काळात बाहेर खाण्यासाठी मी तीन वेळा चमच्यांचा संच घेतला. पहिला बांबूचा होता, तो एका पावसाळ्यात बुरसला. दुसरा घडीचा, त्याच्या बिजागरीत आमटी अडकून राहायची. तिसरा घेताना मात्र आधी घरी बसून काय हवं ते ठरवलं आणि मगच दुकानात गेले. तो आज चार वर्षं पर्समध्ये आहे. ऑफिसात नवीन लागलेल्या, पीजीत राहणाऱ्या मुली विचारतात, "ताई, कुठला घेऊ?" त्यांना दर वेळी तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमानं लिहून काढते आहे.

स्वतःचा चमचा हवाच कशाला, असं वाटत असेल तर कुठल्याही गाडीवर मिसळ मागवून बघा. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या चमचे-ताटल्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. त्यामुळे हातात येतो तो पातळ लाकडी चमचा. रश्श्यात दोन मिनिटं राहिला की तो मऊ पडतो, कडेला कुसं निघतात, ओठाला खरखरीत लागतो. आणि पाच मिनिटांत कचऱ्यात. कामाचे दिवस वर्षाला अडीचशे धरले तर एका माणसामागे अडीचशे चमचे होतात, आणि ते सगळे एका दोनशे ग्रॅमच्या पिशवीनं वाचतात. उडपी हॉटेलात स्टीलचे चमचे गरम पाण्यात बुडवून समोर ठेवतात, तिथे हा प्रश्नच नाही. प्रश्न येतो तो खाऊगल्लीत, ऑफिसच्या पँट्रीत, पार्सलमध्ये आणि लांबच्या रेल्वे प्रवासात.

१. आधी आठवडाभर नुसतं लिहून ठेवा

खरेदीला लगेच जाऊ नका. सोमवार ते शनिवार बाहेर काय खाल्लं आणि ते कशानं खाल्लं, एवढंच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. माझी यादी अशी निघाली होती: चार दिवस घरचा डबा, त्यात पोळी-भाजी हातानं आणि आमटी-भात चमच्यानं. एक दिवस मिसळ. एकदा नूडल्स. दोनदा उपमा. कापलेली फळं एकदा. शहाळं दोनदा. सुरी लागली असा एकही दिवस नव्हता.

ऑनलाइन मिळणाऱ्या संचात सुरी, चॉपस्टिक्स, दोन-तीन स्ट्रॉ, असं सात-आठ तुकड्यांचं भरताड असतं. दिसायला छान, पण आपण खातो पोळी, भात, पोहे, साबुदाण्याची खिचडी. वडापाव, डोसा, पावभाजी हातानंच खायची. यादी समोर असली की यातलं निम्मं सामान आपोआप बाद होतं आणि पैसे एका चांगल्या चमच्यावर घालता येतात.

२. काटा आणि सुरीच्या आधी दुसरा चमचा

मला सगळ्यात उशिरा कळलेली, पण सगळ्यात कामाची गोष्ट हीच. मुंबईच्या ऑफिसात कोणी एकट्यानं डबा खात नाही. एकीची भेंडी, दुसरीची उसळ, तिसरीकडे आईनं पाठवलेली वाटली डाळ, सगळं मधोमध येतं. तिथे स्वतःचा उष्टा चमचा दुसऱ्याच्या डब्यात घालायचा नसतो, आणि वाढून घ्यायला वेगळा चमचा कोणाकडेच नसतो. मग डब्याच्या झाकणानं नाही तर पोळीच्या तुकड्यानं वाढणं चालू होतं. दोन सारखे चमचे ठेवा, एक खायला आणि एक वाढायला. ज्यांच्या घरी उपासाचं किंवा मांसाहाराचं वेगळं पाळतात त्यांनाही हा दुसरा चमचा उपयोगी पडतो.

दोन चमच्यांनंतर काटा. तो नूडल्स, फळं, फार तर सॅलड यांच्यासाठी. यातलं काही आठवड्यातून एकदाही खात नसाल तर काटा घेऊ नका. काटा आणि चमचा एकातच असलेला प्रकार मी मैत्रिणीचा वापरून पाहिला. दात पाडलेल्या भागातून रस्सा खाली गळतो, म्हणजे आपल्या जेवणातलं मुख्य कामच त्याला जमत नाही.

शहाळं आवडत असेल तरच स्ट्रॉ, आणि तीही लांब. शहाळ्याच्या तळापर्यंत पोचायला निदान २० सेंटिमीटर लांबी लागते. स्ट्रॉबरोबर बारीक ब्रश घ्यावाच लागतो. मलई काढायला शहाळेवाले काका तिथल्या तिथे सालीचा चमचा छाटून देतात, त्याला तोड नाही.

३. कशाचा घ्यायचा

स्टीलचा घ्या. मुंबईत माझं मत याच्या पलीकडे जात नाही, पण कारणं सांगते.

अस्सल बांबू किंवा लाकूड कोरड्या हवेत चांगलं टिकत असेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते, पर्समध्ये छत्री ओली, चमच्याची पिशवीही ओली. माझा बांबूचा चमचा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पिशवीतून काढला तेव्हा दांडीवर काळे-हिरवे ठिपके होते आणि कुबट वास येत होता. घासून ठिपके गेले, वास गेला नाही. बांबूच घ्यायचा असेल तर पावसाळ्यात तो घरी ठेवायची तयारी हवी.

"बांबू फायबर" म्हणून जे रंगीत, गुळगुळीत चमचे विकतात त्यांच्यापासून जपा. त्यात बऱ्याचदा बांबूची भुकटी मेलामाइनच्या रेझिनमध्ये, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकमध्ये, घट्ट केलेली असते. गरम किंवा आंबट पदार्थात त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या बांबूवर उभ्या रेषा दिसतात, यात सगळीकडे एकसारखा रंग आणि साच्यातून काढल्यासारखा आकार असतो. गव्हाच्या काडाचे म्हणून मिळणारे चमचेही बहुतेक वेळा काडाची भुकटी घातलेलं प्लॅस्टिकच असतात, आणि आपल्या हळदीनं ते आठवड्यात पिवळे पडतात.

ॲल्युमिनियम चिंच-कोकमाच्या आंबटाला चालत नाही. पितळेला कल्हई लागते. टायटॅनियम फार हलकं आणि छान असतं, पण महाग. डोंगर चढणाऱ्यांनी त्याचा विचार करावा, लोकलनं जाणाऱ्यांना गरज नाही.

आता स्टीलमध्येही फरक आहे. दुकानात दोन आकडे ऐकू येतील, ३०४ आणि २०२. ३०४ म्हणजेच १८/८, यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याऐवजी मँगनीज जास्त. ते स्वस्त पडतं, पण खारट ओलाव्यात लवकर डागाळतं. मुंबईच्या समुद्राकडच्या हवेत आणि ओल्या पिशवीत हा फरक दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना दिसतो. चमच्याच्या मानेपाशी तांबूस ठिपके येतात. तिसरा प्रकार ४३०, म्हणजे १८/०, त्यात निकेल जवळपास नसतंच. नकली कानातल्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्यानं ज्यांना खाज सुटते, त्यांना निकेल सोसत नसण्याची शक्यता असते. अशांनी १८/० मागावं.

चुंबकाची परीक्षा सगळे सांगतात, पण ती अर्धीच खरी आहे. ४३० ला चुंबक चिकटतं, ३०४ ला जवळजवळ नाही. पण २०२ लाही चिकटत नाही. म्हणजे "बघा ताई, चुंबक लागत नाही, अस्सल ३०४ आहे" असं कोणी म्हणालं तर त्यानं काहीच सिद्ध होत नाही. मी स्वतः यातच फसले होते. दांडीच्या मागे ३०४ किंवा १८/८ असा ठसा बघा, आणि तोच आकडा बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.

४. दुकानात जाताना हे बरोबर घ्या

- तुमचा रोजचा डबा, रिकामा
- मोजपट्टी किंवा शिवणकामाची टेप
- सुती रुमाल किंवा ओढणी
- लहान चुंबक (निदान ४३० ओळखण्यापुरतं)
- सुटे पैसे, आणि बिल ठेवायला कप्पा

डबा का न्यायचा ते सांगते. घरातला जेवणाचा चमचा १६ ते २० सेंटिमीटरचा असतो. माझ्या डब्याचा आतला व्यास १२ आणि उंची ६. तिरपा घातला तरी १३ सेंटिमीटरच्या वरचा चमचा त्यात बसत नाही. चमचा डब्यातच ठेवायचा असेल तर आखूड लागेल, आणि आखूड चमच्यानं खोल डब्याच्या तळातली आमटी काढताना बोटं बरबटतात. मी १६ सेंटिमीटरचा घेतला आणि वेगळ्या पिशवीत ठेवते. डबेवाल्यांकडून डबा येत असेल तर वेगळी पिशवीच बरी. डब्यात सैल टाकलेला चमचा दिवसभर वाजत राहतो आणि घरी परतताना रिकाम्या डब्यात राहिलाच असेल याची खात्री नसते.

५. हातात घेऊन तपासा

ही पायरी घाईत करू नका. चमचा उजव्या हातात धरा आणि अंगठा मानेवर, म्हणजे दांडी आणि खोलगट भाग जिथे जुळतो तिथे, ठेवून दाबा. वाकला तर पत्रा पातळ आहे. दुकानदार "जाड गेजचं आहे" म्हणतील, तुम्ही दाबूनच ठरवा. घट्ट गोठलेलं श्रीखंड काढताना पातळ चमचा तिथेच वाकतो.

मग रुमाल काढा. चमच्याच्या कडेवरून रुमाल हलकेच फिरवा, सगळीकडून, काट्याच्या दातांच्या मधूनसुद्धा. कुठे धागा अडकला तर तिथे कड नीट घासलेली नाही, आणि तीच कड रोज तुमच्या ओठाला लागणार आहे. स्वस्त संचात हा दोष फार असतो, वरून पॉलिश चकचकीत असतं म्हणून डोळ्यांना दिसत नाही. माझा आताचा चमचा मी सहाव्या प्रयत्नात निवडला. आधीच्या पाचांत ओढणीचा धागा अडकला होता. दुकानातल्या काकांनी न कंटाळता एकेक काढून दिला.

खोलगटपणाही बघा. पसरट चमचा भाताला चालतो, पण रस्सा, ताक, आमटी यांना थोडी खोली हवी. फार खोल असेल तर आतलं दही ओठांनी पूर्ण निघत नाही.

घडीचे, स्क्रूनं जोडायचे किंवा आत सरकणारे चमचे घेऊ नका. जिथे जोड आहे तिथे अन्न शिरतं. माझ्या घडीच्या चमच्याची बिजागरी एकदा दात कोरायच्या काडीनं साफ केली, तेव्हा आतून आदल्या आठवड्याची डाळ वाळून निघाली. त्या दिवसापासून तो परत तोंडात घालवला नाही. एकसंध, जोड नसलेला चमचा पर्समध्ये दोन बोटं जास्त जागा घेतो, तेवढी घेऊ द्या.

६. कुठे मिळेल

भांड्यांसाठी तांबाकाटा आणि भुलेश्वर. मस्जिद स्टेशनला उतरून मुंबादेवीच्या दिशेनं चालत जाता येतं. तिथे सुटे चमचे मिळतात, म्हणजे हवे तेवढेच आणि एकेक तपासून घेता येतात. बंद खोक्यातला संच घेतलात तर रुमालाची परीक्षा करता येत नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. पश्चिम रेल्वेवर राहणाऱ्यांना दादर पश्चिमेची भांड्यांची दुकानं सोयीची. चार वर्षांपूर्वी माझे दोन चमचे आणि एक काटा मिळून दोनशे रुपयांच्या आत आले होते. खोक्यातल्या बांबूच्या संचाला मी त्याच्या दुप्पट दिले होते.

७. पिशवी

चांगला चमचा घेऊन लोक तो कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकतात आणि महिन्याभरात सवय सुटते. कारण जेवल्यावर ओला, तेलकट चमचा कुठे ठेवायचा हे ठरलेलं नसतं. पिशवीला दोन कप्पे हवेतच, एक स्वच्छ चमच्यासाठी आणि एक वापरलेल्यासाठी. जुन्या सुती साडीच्या काठाची पिशवी उत्तम होते. कापड धुता येतं, लवकर वाळतं. उष्ट्या कप्प्याला आतून छत्रीच्या कापडाचं अस्तर लावा, म्हणजे ओल पर्समधल्या पासापर्यंत जात नाही. शिवता येत नसेल तर गल्लीतला ऑल्टरवाला शिवून देतो. महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांच्या ताईंकडेही कापडी पिशव्या छान मिळतात, कप्पा घालून द्या म्हटलं तर काही जणी घालून देतात.

पिशव्या दोन ठेवा. एक वापरात, एक वाळत. पावसाळ्यात हे फारच महत्त्वाचं आहे.

संचाबरोबर येणारा प्लॅस्टिकचा लांब डबा मला पटत नाही. त्यात ओला चमचा बंद झाला की वास धरतो, आणि गर्दीच्या लोकलमध्ये कोपर लागून त्याची कडी तुटते. काटा असेल तर त्याचे दात पिशवीत खाली करून ठेवा. वर असले तर पर्समध्ये हात घालताना टोचतात.

८. जेवल्यावर लगेच काय करायचं

शेवटच्या पोळीच्या तुकड्यानं चमचा पुसून घ्या, तेलकटपणा बराचसा जातो. मग पँट्रीत साबण असेल तर धुवा, नसेल तर बाटलीतल्या दोन घोट पाण्यानं खळबळा आणि रुमालानं कोरडा करा. गाडीशेजारच्या पिंपातल्या किंवा बादलीतल्या पाण्यात धुऊ नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही. कावीळ आणि गॅस्ट्रो अशा पाण्यातून पसरतात, आणि स्वतःचा चमचा नेण्याचा सगळा फायदा त्या एका बादलीत जातो.

घरी पोचल्यावर डब्याबरोबरच चमचा आणि पिशवी बाहेर काढा. हे विसरणाऱ्यांनी पिशवीची दोरी डब्याच्या कडीला बांधावी. रविवारी चमचे आणि स्ट्रॉ उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. लोणच्याचा किंवा मिठाच्या पाण्याचा चमचा रात्रभर सिंकमध्ये पडू देऊ नका, चांगल्या ३०४ वरही त्यानं डाग येतो.

पार्सल मागवताना ॲपवर चमचा नको हा पर्याय निवडायला विसरू नका. नाही तर स्वतःचा चमचा असूनही ड्रॉवरमध्ये लाकडी चमचे साठत जातात.

९. प्रवासाला जाताना

सुरी, कितीही छोटी असली तरी, विमानाच्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, काढून घेतात. काट्याबद्दल तपासणीवरचा माणूस सांगेल ते खरं, म्हणून तो मी चेक-इन बॅगेत टाकते. चमचे आजवर कोणी अडवले नाहीत. मेट्रोतही बॅग यंत्रातून जाते, तेव्हा फळं कापायची सुरी रोजच्या पर्समध्ये नसलेलीच बरी. कोकणात गाडीनं जाताना एक चमचा जास्तीचा घ्या, डब्यात शेजारी बसलेल्यांना हमखास लागतो.

१०. नाव घालून घ्या

भांड्यांच्या दुकानात नाव घालून मिळतं, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसंच. घेतल्या घेतल्या तिथेच सांगा, नंतर परत जाणं होत नाही. नाव दांडीच्या मागच्या बाजूला, टोकाकडे घालायला सांगा. तोंडात जाणाऱ्या भागावर नको, कोरलेल्या खाचेत अन्न बसतं. काका यंत्र लावतात, घर्र आवाज होतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटतात. मी नुसतं नाव आणि मजल्याचा आकडा घातला, "५". ऑफिसच्या पँट्रीत सगळे चमचे एका टोपल्यात जातात. गेल्या वर्षी माझा दुसरा चमचा तिथे हरवला, मी शोधून थकले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी तो पदराला पुसत वर घेऊन आल्या. म्हणाल्या, "पाचव्यावरच्या ताईंचा ना गं हा? मागे लिहिलंय."